मागणे, निवेदन, मागणी : ग्दान्स्कच्या एकवीस कलमांचे एक वाचन

सर्वाधिकारशाहीविरुद्धच्या जनउठावांसंबंधी झालेल्या विपुल लेखनात, सामान्य माणसाला उठावातून नेमके काय हवे असते या प्रश्नाची उत्तरे बहुतांशी दोन ठरीव साच्यांत बसतात. एका साच्यानुसार त्याला भाकरी हवी असते. स्वातंत्र्य हा शब्द त्याच्या तोंडी शिकलेल्यांनी मागाहून घातलेला असतो. दुसऱ्या साच्यानुसार भाकरी हे केवळ निमित्त असते; महागाईच्या तक्रारीआडून माणसाची मुक्तीची ओढच बोलत असते. ही उत्तरे परस्परविरोधी वाटली तरी त्यांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. दोन्हींत इच्छांची उतरंड लावलेली आहे, आणि ती लावण्याचे काम उठाव करणाऱ्यांकडे नसून उठावाचा अर्थ लावणाऱ्यांकडे आहे. त्यामुळे हा प्रश्न जितका राज्यशास्त्राचा आहे तितकाच वाचनाचा, म्हणजे समीक्षेचाही आहे.

या उतरंडीचे सर्वांत समर्थ तात्त्विक समर्थन हाना आरेण्ट यांच्या ‘ऑन रिव्होल्यूशन’ (१९६३) या ग्रंथात आढळते. दारिद्र्याचा, म्हणजे ज्याला त्या ‘सामाजिक प्रश्न’ म्हणतात त्याचा, राजकारणाच्या अवकाशात शिरकाव झाला आणि फ्रेंच राज्यक्रांती स्वातंत्र्याच्या स्थापनेपासून ढळली, असे त्यांचे प्रतिपादन. गरज ही मूक आणि निकडीची असते; तिला संवाद करता येत नाही. ई. पी. टॉमसन यांनी १९७१ मध्ये अठराव्या शतकातील इंग्रज जमावावर लिहिताना यातील ‘मूक’ या विशेषणालाच आव्हान दिले. धान्यासाठी दंगा करणारा जमाव पोटातल्या कळेने उठत नाही. रास्त काय आणि गैर काय याची एक निश्चित कल्पना त्याच्यापाशी असते, हे त्यांनी दाखवून दिले. मात्र टॉमसन यांच्या जमावाची ही कल्पना इतिहासकाराला बव्हंशी त्याच्या कृतीतून आणि सरकारी दप्तरातून उकलून काढावी लागते. उठाव करणाऱ्यांनी आपल्याला काय हवे ते स्वतः, सविस्तर आणि क्रमांक घालून लिहून ठेवले आहे, अशी उदाहरणे फार नाहीत. ऑगस्ट १९८० मध्ये पोलंडमधील ग्दान्स्क येथे लिहिली गेलेली एकवीस मागण्यांची यादी हे त्यांपैकी एक. इतिहासकारांनी आणि कायदेपंडितांनी ती पुष्कळ अभ्यासली. साहित्यसमीक्षेने मात्र तिला संहिता म्हणून क्वचितच वाचले. उठावातली गाणी, घोषणा, भिंतीवरली अक्षरे, पुढे लिहिलेल्या आठवणी यांना समीक्षेत जागा मिळते. मागण्यांच्या यादीला ती मिळत नाही, कारण यादी हा वाङ्मयप्रकार नव्हे अशी आपली समजूत आहे.

संहितेकडे वळण्यापूर्वी तिचा प्रसंग थोडक्यात नोंदवायला हवा. १ जुलै १९८० रोजी पोलंड सरकारने मांसाच्या विक्रीची नवी, चढी व्यवस्था लागू केली आणि देशभर तुरळक संप सुरू झाले. ग्दान्स्कच्या लेनिन जहाजबांधणी कारखान्यात १४ ऑगस्टला संप झाला तो एका वेगळ्याच कारणाने. आना वालेन्तिनोविच या क्रेनचालक बाईंना निवृत्तीला अवघे पाच महिने उरले असताना कामावरून काढले होते. त्यांना आणि पूर्वी बडतर्फ झालेल्या लेक वालेसा या वीजतंत्र्याला परत घ्यावे, पगार वाढवावा, १९७० च्या डिसेंबरात सैन्याच्या आणि पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडलेल्यांचे स्मारक उभारावे, अशा आरंभीच्या मागण्या होत्या. १६ ऑगस्टला व्यवस्थापनाने कारखान्यापुरते बरेचसे मान्य केले आणि वालेसा यांनी संप संपल्याचे जाहीर केले. त्या दुपारी जे घडले त्यावरच पुढचे सारे अवलंबून आहे. शहरातील इतर लहान कारखाने, बस आणि ट्राम यांचे कामगारही एव्हाना संपात उतरले होते. मोठा कारखाना सुटला तर आपण चिरडले जाऊ हे त्यांना स्पष्ट दिसत होते. ट्रामचालक हेन्रिका क्शिवोनोस, परिचारिका आलिना पिएन्कोव्स्का आणि स्वतः वालेन्तिनोविच यांनी दरवाजाकडे निघालेल्या कामगारांना अडवले, विनवले, परतवले. त्याच रात्री आंतरकारखाना संप समिती स्थापन झाली आणि नव्या यादीचे काम सुरू झाले. आर्कादिउश रिबित्स्की आणि मासिएय ग्झिवाचेव्स्की या दोघा तरुणांनी ती प्लायवूडच्या दोन फळ्यांवर हाताने रंगवली आणि त्या फळ्या कारखान्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या दरवाजावर टांगल्या गेल्या.

म्हणजे आपल्या हक्कांचे सगळे मिळाले असताना, दुसऱ्यांच्या हक्कांसाठी थांबलेल्या माणसांनी ही यादी लिहिली आहे. तिच्या रूपाचा विचार या वस्तुस्थितीपासून सुरू करावा लागतो.

मराठीत या प्रकारच्या लेखनासाठी तीन शब्द आहेत आणि तिन्हींमधील अंतर अर्थपूर्ण आहे. ‘मागणे’ हे नपुंसकलिंगी नाम संतकवितेने आपल्या परिचयाचे केले आहे. मागणे देवापाशी असते. त्यात मागणाऱ्याचे लहानपण गृहीत असते आणि देणाऱ्याच्या दातृत्वावर श्रद्धा असते. ‘निवेदन’ हा शब्द अधिक चमत्कारिक आहे. समीक्षेच्या परिभाषेत निवेदन म्हणजे कथन. रस्त्यावरच्या परिभाषेत मोर्चा कलेक्टर कचेरीवर गेल्यावर शिष्टमंडळ आत जाऊन जो कागद देते ते निवेदन. दोन्हींत आपली हकिगत कुणापुढे तरी मांडणे आहे, आणि दुसऱ्या अर्थात ‘साहेबांनी कृपाळू होऊन’ ही अनुच्चारित सुरुवातही आहे. ‘मागणी’ मात्र या दोन्हींहून निराळी. तिच्यात देणाऱ्याच्या मोठेपणाचा उल्लेख नसतो; देणे लागतो म्हणून मागितले जाते. पोलंडमध्ये १९८० पूर्वीच्या दशकात या तिन्ही पायऱ्या दिसतात. डिसेंबर १९७० च्या हत्याकांडानंतर सत्तेवर आलेले एडवर्ड गिएरेक जानेवारी १९७१ मध्ये स्वतः श्चेचिन आणि ग्दान्स्कच्या कामगारांपुढे गेले, तासन् तास बोलले आणि सहकार्य मागून घेऊन आले. त्या भेटीत कामगारांनी केले ते निवेदन होते : हकिगत सांगितली, अश्रूही आले असतील, ऐकणाऱ्याने ऐकून घेतले. भाववाढ मात्र त्या भेटींनी मागे घेतली गेली नाही. फेब्रुवारीत वूच शहरातील कापडगिरण्यांच्या कामगारांनी, ज्यांत स्त्रियांचीच बहुसंख्या होती, संप केला आणि पंतप्रधान येऊनही काम सुरू करण्याचे नाकारले, तेव्हा ती मागे घेतली गेली. निवेदन आणि मागणी यांतील फरक त्यांना कुणा सिद्धान्तकाराने शिकविला नव्हता.

आता यादीची भाषा. तिला उपोद्घात नाही, समारोप नाही. ‘आम्ही’ हे सर्वनाम नाही आणि ‘तुम्ही’ही नाही. पहिली दोन कलमे क्रियावाचक नामांनी सुरू होतात : स्वतंत्र कामगार संघटनांचा स्वीकार, संपाच्या अधिकाराची हमी. ही करारपत्रांची भाषा आहे. तिसऱ्या कलमापासून वाक्ये मुख्यत्वे धातूच्या अव्ययरूपाने सुरू होतात. पोलिश भाषेत हे रूप सार्वजनिक सूचनांमध्ये वापरले जाते. आपल्याकडे ‘हात लावू नये’ असे लिहिलेले असते तसे. मराठीत त्याचे भाषांतर करू पाहणाऱ्याची पंचाईत होते. ‘वेतन वाढवावे’ म्हटले तर विध्यर्थात विनंती शिरते. ‘वाढवा’ म्हटले तर समोर कुणीतरी उभा करावा लागतो. ‘वाढविण्यात यावे’ म्हटले तर थेट अर्जच होतो. मूळ रूपात यांतले काहीच नाही. काय व्हायचे आहे तेवढे सांगितलेले आहे. पोलंडमधील सामान्य माणूस पस्तीस वर्षे शासनाच्या सूचना या रूपात वाचत आला होता. इथे शासनाला पहिल्यांदाच त्या रूपात लिहिलेले वाचावे लागले.

याच जातीचा आणखी एक भाषिक व्यवहार यादीत वारंवार होतो. पहिल्या कलमात आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या ८७ व्या क्रमांकाच्या करारसंहितेचा आधार घेतला आहे आणि पोलंडने तिला मान्यता दिलेली असल्याचे तिथेच नमूद केले आहे. तिसऱ्या कलमात नवे स्वातंत्र्य मागितलेले नाही. राज्यघटनेने दिलेल्या स्वातंत्र्याचे पालन मागितले आहे. शासनाचा शब्द शासनालाच परत वाचून दाखवण्याची ही रीत आहे. उलट अकराव्या कलमात शासनाचा एक शब्द दूर धरला आहे. परकीय चलनात वस्तू विकणाऱ्या दुकानांच्या व्यवहाराला सरकारी पोलिशमध्ये ‘अंतर्गत निर्यात’ असे नाव होते : वस्तू देशातच, गिऱ्हाईकही देशातले, केवळ पैसा डॉलरचा, म्हणून निर्यात. यादीकर्त्यांनी या शब्दामागे ‘तथाकथित’ एवढेच जोडले आणि विक्री बंद करण्याची मागणी केली. व्यंगाचा यापेक्षा काटकसरी वापर क्वचितच आढळेल. दरवाजावर टांगलेल्या एका फलकावर मार्क्स-एंगल्सच्या प्रसिद्ध आवाहनातील ‘सर्व देशांच्या’ या शब्दांच्या जागी ‘सर्व कारखान्यांच्या’ असा बदल केला होता, तोही याच वृत्तीचा. रिशार्ड कापुश्चिन्स्की यांनी त्या दिवसांत किनाऱ्यावरून जी टिपणे लिहिली, त्यांत हा लढा भाषेसाठीही आहे असे त्यांनी नोंदवले ते उगाच नव्हे.

यादीचा कर्ता कोण, हा प्रश्न पोलंडच्या अभ्यासकांत वादाचा झाला आहे. एका मतानुसार १९७६ मध्ये स्थापन झालेली कामगार संरक्षण समिती आणि तिच्याशी संबंधित बुद्धिजीवी यांनी कामगारांना स्वतंत्र संघटनेची कल्पना दिली. रोमन लाबा यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचा प्रतिवाद केला. १९७०-७१ मध्ये किनाऱ्यावरच्या कारखान्यांतून लिहिल्या गेलेल्या मागण्या त्यांनी तपासल्या आणि स्वतंत्र संघटनेची मागणी तिथे, श्चेचिनमध्ये, बुद्धिजीवींच्या समितीच्या स्थापनेआधीच होती हे दाखवून दिले. लाबांची बाजू पुराव्यांनिशी अधिक भक्कम वाटते. तथापि वाङ्मयीन दृष्टीने दोन्ही पक्षांचा प्रश्नच थोडा चुकलेला आहे. दोघांनाही पहिल्या कलमाचा कर्ता हवा आहे. विसाव्या कलमाचा, ज्यात कामानिमित्त बाहेरगावी जाणाऱ्याचा दैनिक भत्ता चाळीस झ्लोटींवरून शंभर करावा असे आहे, त्याचा कर्ता कोण हे कुणी विचारलेले नाही. तो भत्ता स्वतः कधीतरी घेतलेल्या आणि तेवढ्यात न भागलेल्या माणसाखेरीज दुसऱ्या कुणाला ते कलम सुचणार नाही. यादीत असे अनेक हात आहेत आणि ते पुसून एकच हस्ताक्षर करण्याचा प्रयत्न केलेला नाही. बाख्तीन यांनी कादंबरीचे वैशिष्ट्य म्हणून जी अनेकस्वरता सांगितली, ती इथे कादंबरीविना सापडते. शहरातल्या आणि परिसरातल्या कारखान्यांचे प्रतिनिधी समितीत येत गेले. ऑगस्टअखेरीस त्यांची संख्या सातशे आस्थापनांच्या आसपास पोहोचली होती. प्रत्येकाच्या वहीत आपापल्या कारखान्याची यादी होती आणि त्या बहुधा एकमेकींसारख्या होत्या.

क्रमाचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे, कारण उतरंडीचा सिद्धान्त याच ठिकाणी तपासता येतो. वरवर पाहता यादी त्याला पुष्टी देते : आधी संघटना, संप, अभिव्यक्ती, राजकीय कैदी, नंतर पगार, मांस, पाळणाघर, शनिवार. वरची कलमे उदात्त, खालची सामान्य, असा निष्कर्ष काढणारे वाचक दोन्ही पठडींत आहेत. पण जॅक गुडी यांनी १९७७ मधील आपल्या ग्रंथात यादी या लेखनप्रकाराचा जो विचार केला आहे तो इथे उपयोगी पडतो. यादी वस्तूंना बोलण्याच्या ओघातून सोडवते आणि सुट्या करते. प्रत्येक नोंद शेजारच्या नोंदीपासून तुटलेली असते, म्हणूनच तिला वरून, खालून, मधून कुठूनही वाचता येते. यादीत ‘कारण’, ‘म्हणून’, ‘यास्तव’ ही उभयान्वयी अव्यये नसतात. ग्दान्स्कच्या यादीत पहिले कलम तेराव्याचे कारण नाही आणि तेरावे पहिल्याचे निमित्त नाही. तसे असते तर तो जाहीरनामा झाला असता. किनाऱ्यावर त्या दिवसांत ‘एकवीस वेळा होय’ अशी घोषणा रंगवली गेली ती या दृष्टीने लक्षणीय आहे. पहिल्याला होय म्हटल्याने विसाव्याला आपोआप होय म्हटले जात नाही. प्रत्येकाला वेगळे उत्तर हवे.

बाराव्या आणि तेराव्या कलमांची शेजारीक यातून उलगडते. बाराव्यात अधिकाऱ्यांची निवड पक्षाच्या सदस्यत्वावर न होता पात्रतेवर व्हावी, आणि पोलीस, गुप्त पोलीस व पक्षयंत्रणा यांच्या सवलती रद्द व्हाव्यात असे आहे. कौटुंबिक भत्ते सारखे करणे आणि खास विक्री बंद करणे हे त्याचे मार्ग म्हणून सांगितले आहेत. तेराव्यात मांसासाठी रेशनकार्डे सुरू करण्याची मागणी आहे, बाजारातील परिस्थिती आटोक्यात येईपर्यंत. जनतेने सरकारकडे रेशनिंग मागावे, ही गोष्ट मुक्त बाजारपेठेत स्वातंत्र्याची व्याख्या शोधणाऱ्या भाष्यकारांना अडचणीची वाटते आणि ते ती बहुधा गाळतात. पण कार्ड म्हणजे काय? तुटवडा आहे हे शासनाने लेखी मान्य करणे, आणि जेवढे आहे ते मोजून, सगळ्यांना सारखे, सगळ्यांसमक्ष देणे. रांगेत चार तास उभे राहून मांस संपल्याचे ऐकणाऱ्या बाईला आणि पक्षाच्या दुकानातून पुडके घेऊन जाणाऱ्याला एकच मोजमाप लावणे. त्या अर्थी तेरावे कलम सहाव्याचे भावंड आहे, ज्यात देशाच्या आर्थिक-सामाजिक स्थितीची संपूर्ण माहिती जाहीर करावी असे म्हटले आहे. आठव्यातील पगारवाढही प्रत्येकाला सारखीच, दरमहा दोन हजार झ्लोटी, मागितलेली आहे, टक्केवारीने नव्हे. टक्केवारीने ज्याचा पगार मोठा त्याचीच वाढ मोठी झाली असती. आरेण्ट ज्याला मूक गरज म्हणतात ती इथे काय बोलते पाहावे : ती पोटभर द्या असे म्हणत नाही, हिशेब दाखवा असे म्हणते.

या हिशेबाला एक भूतकाळही आहे. चौथ्या कलमात १९७० आणि १९७६ च्या संपांनंतर काढलेल्यांना कामावर घ्यावे, विचारांसाठी हाकललेल्या विद्यार्थ्यांना परत घ्यावे असे आहे, आणि तिघा कैद्यांची नावे आहेत. साऱ्या यादीत माणसांची विशेषनामे एवढीच. स्मारकाचा मुद्दा आधीच मान्य झाल्यामुळे एकविसांत नाही, परंतु त्याचा संदर्भ याच भावनेशी आहे. डिसेंबर १९७० मध्ये किनाऱ्यावरील शहरांत चाळिसांहून अधिक माणसे मारली गेली आणि त्यांतील कित्येकांना रात्री, गुपचूप पुरण्यात आले. मेलेल्यांची मोजदाद व्हावी, त्यांना दिवसाउजेडी जागा मिळावी, ही इच्छा भाकरी आणि स्वातंत्र्य यांपैकी कोणत्या खान्यात टाकायची? १६ डिसेंबर १९८० रोजी कारखान्यासमोर तीन उंच क्रुसांचे स्मारक उभे राहिले आणि त्यावर त्याच वर्षी नोबेल मिळालेल्या चेस्वाव मिवोश यांच्या ओळी कोरल्या गेल्या. समीक्षेची नजर स्वाभाविकपणे मिवोश यांच्याकडे वळते.

यादीत काय नाही हेही वाचावे लागते. मुक्त निवडणुका नाहीत. पक्षाची सत्ता जावी असे नाही. सोव्हिएत संघाचे नाव नाही. निवडणुकांची मागणी पुढे आली होती, परंतु बोग्दान बोरुसेविच यांनी ती गाळण्याचा आग्रह धरला; हंगेरी १९५६ आणि चेकोस्लोव्हाकिया १९६८ यांची आठवण ताजी होती. या गाळण्याला कुणी भ्याडपणा म्हणेल, कुणी धोरण. संहितेच्या अंगाने पाहता तिला त्यामुळे एक गुण लाभला. ज्याचे उत्तर ‘होय’ येऊ शकते तेवढेच तिच्यात उरले. अशक्याची मागणी ही पुष्कळदा मागणी नसतेच. ती घोषणा असते आणि तिचा श्रोता सत्ताधारी नसून आपलाच जमाव असतो.

कैरोच्या तहरीर चौकातील २०११ च्या घोषणेशी या ठिकाणी तुलना करता येईल. ‘भाकरी, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय’ ही त्या अठरा दिवसांची घोषणा. तीतील पहिला शब्द ‘ऐश’. इजिप्तच्या बोलीत त्याचा अर्थ भाकरी आणि मूळ धातूचा अर्थ जगणे. भाकरी व जगणे यांची फारकत त्या भाषेने मुळातच होऊ दिलेली नाही, आणि घोषणेचे काव्य त्यात आहे. ११ फेब्रुवारीला मुबारक गेले. परंतु घोषणेला क्रमांक नसतात. तिचा कितवा भाग पुरा झाला हे विचारायला चौकातल्या माणसापाशी कागद नव्हता. याचा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ग्दान्स्कमध्ये कारखाना होता, त्याला दरवाजा होता, आत बसायला सभागृह होते आणि बाहेरून आलेल्याला बोलावून घेता येत होते. चौकाला दरवाजा नसतो.

ग्दान्स्कमध्ये उपपंतप्रधान मिएचिस्वाव यागिएल्स्की यांना त्या दरवाजातून आत यावे लागले. वाटाघाटी ध्वनिक्षेपकांवरून कारखान्याच्या आवारात ऐकवल्या जात होत्या. कलम वाचले जाई, मंत्र्यांचे उत्तर येई आणि कुंपणाबाहेर उभी असलेली बायकामाणसेही ते ऐकत. यादी इथे लिखित संहिता न राहता प्रयोग झाली. पंतप्रधान किंवा मंत्री बोलतात आणि कामगार ऐकतात, या दशकानुदशकांच्या रंगभूमीवर भूमिका उलटल्या. रणजित गुहा यांनी वसाहतकालीन भारतीय शेतकऱ्यांच्या बंडांत हुद्द्यांची आणि मानचिन्हांची उलटापालट दाखवून दिली आहे. परंतु तिथे उलटापालट सत्तेची चिन्हे मोडून वा बळकावून होते. इथे काहीच मोडलेले नाही. केवळ प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा यांच्या जागा बदलल्या आहेत. तादेउश माझोव्हिएत्स्की, ब्रोनिस्वाव गेरेमेक आदी विचारवंत तज्ज्ञ म्हणून आले तेव्हा त्यांपैकी कित्येकांना पहिले कलम मान्य होईल अशी आशा नव्हती. कामगारांनी ते सोडले नाही. ३१ ऑगस्ट रोजी करार झाला. त्याची भाषा यादीच्या भाषेहून पुष्कळ पसरट आहे. एकेका ओळीच्या कलमाला परिच्छेदांची उत्तरे आहेत आणि पक्षाच्या राज्यातील अग्रस्थानाला मान्यता देणारे वाक्यही त्यात आले, ज्यावरून पुढे वाद झाला. तुलनेसाठी दोन्ही दस्तऐवज शेजारी ठेवले तर सत्तेला ‘होय’ म्हणायला किती शब्द लागतात हे समजते.

पुढचा इतिहास विदित आहे. सॉलिडॅरिटीची सदस्यसंख्या १९८१ पर्यंत सुमारे एक कोटीवर गेली. १३ डिसेंबर १९८१ ला लष्करी कायदा लागू झाला; त्या काळात दोन्ही फळ्या लपवून ठेवाव्या लागल्या. १९८९ मध्ये गोलमेज चर्चा, ४ जूनच्या निवडणुका, माझोव्हिएत्स्की यांचे मंत्रिमंडळ. २००३ मध्ये युनेस्कोने फळ्यांची नोंद जागतिक स्मृतिसंचितात केली. या कथनात पहिली तीन-चार कलमे विजयी होतात आणि गोष्ट तिथेच संपते. उरलेल्यांचा मागोवा कलमवार घेतला तर निराळे निवेदन तयार होते. तेरावे कलम १९८१ मध्ये पुरे झाले : मांसाची कार्डे आली, परंतु कार्डावरचे मांसही दुकानात मिळेना, आणि जुलैत वूच शहरात स्त्रिया मुलांना घेऊन रस्त्यावर उतरल्या. एकविसाव्यावर जानेवारी १९८१ मधील संघर्षानंतर तडजोड झाली आणि महिन्यातील एक शनिवार वगळून बाकीचे मोकळे ठरले. चौदावे, स्त्रियांना पन्नाशीत आणि पुरुषांना पंचावन्नाव्या वर्षी निवृत्ती, कधीच आले नाही. १ जानेवारी १९९० पासून नवी अर्थव्यवस्था सुरू झाली. त्या वर्षी भाववाढ पाचशे टक्क्यांवर गेली, तेव्हा भावांबरोबर पगार आपोआप वाढावा असे म्हणणारे नववे कलम कुणाच्या स्मरणात नव्हते, आणि सत्तेत तर यादीच्याच बाजूची माणसे होती. ज्या कारखान्याच्या दरवाजावर यादी टांगली गेली तो १९९६ मध्ये दिवाळखोर जाहीर झाला. डेव्हिड ऑस्ट यांनी २००५ मधील आपल्या ग्रंथात सॉलिडॅरिटीच्या पराभवाची मीमांसा करताना, विजयी झालेल्या बुद्धिजीवी नेतृत्वाने कामगारांच्या आर्थिक गाऱ्हाण्यांना राजकीय भाषाच उरू दिली नाही, असे म्हटले आहे. वाङ्मयीन परिभाषेत हेच असे म्हणता येईल की यादीचा जाहीरनामा करण्यात आला. सुट्या नोंदींमध्ये ‘म्हणून’ घातला गेला : स्वातंत्र्य आले, म्हणून बाकीचे यथावकाश येईल.

सतराव्या आणि अठराव्या कलमांकडे यातून विशेष लक्ष द्यावे लागते. सतराव्यात काम करणाऱ्या बायकांच्या मुलांना पाळणाघरात आणि बालवाडीत जागा मागितली आहे. अठराव्यात मुलाच्या संगोपनासाठी तीन वर्षांची पगारी रजा. १६ ऑगस्टच्या दुपारी संप वाचवणाऱ्या स्त्रियांचे यादीतले अस्तित्व मुख्यतः या दोन ओळींत आहे. स्त्रीवादी वाचनाला अठरावे कलम खटकू शकते, कारण संगोपन हे आईचेच काम असल्याचे त्यात मान्य केलेले आहे, आणि हा आक्षेप गैर नाही. मात्र आक्षेप घेताना दोन्ही कलमे एकत्र वाचली पाहिजेत. एक घराबाहेर राहण्याची सोय मागते, दुसरे घरी राहण्याची; निवड बाईने करावी. नव्वदच्या दशकात पाळणाघरे मोठ्या संख्येने बंद झाली आणि १९९३ मध्ये गर्भपातावर कडक निर्बंध आले, तेव्हा ज्या संसदेने ते आणले ती मुक्त निवडणुकांतून आलेली होती. शाना पेन यांनी सॉलिडॅरिटीतील स्त्रियांवर लिहिलेला ग्रंथ २००५ मध्ये आला. आन्द्रेई वायदा यांच्या ‘मॅन ऑफ आयर्न’ या १९८१ मधील चित्रपटाच्या शीर्षकातला पुरुष तोवर जगभर पोहोचलेला होता.

दरवाजावरच्या फळीवर शेवटी येतो तो शनिवार. सर्व शनिवार कामातून मोकळे असावेत, एवढ्यावर यादी संपवता आली असती आणि ते अधिक परिणामकारकही झाले असते. पण कलमाला आणखी एक वाक्य आहे. अखंड चालणाऱ्या भट्ट्यांवर आणि चार पाळ्यांत काम करणाऱ्यांना शनिवार घेता येणार नाही. त्यांना त्याबदली वाढीव रजा किंवा इतर दिवशी पगारी सुट्टी देण्यात यावी, असे त्यात आहे. एकवीस मागण्यांमधले हे अखेरचे वाक्य.